रामनाथची गॅरंटी

रामनाथने स्क्रूड्रायव्हरचं टोक पाण्याच्या चालू मोटारीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. शैलाकाकींची वाडी गप्प झाली. म्हणजे शैलाकाकी गप्प झाल्या. नारळ आणि पानवेली तशाही बोलत नाहीत.

“बसलं बेअरिंग,” डोळे उघडून तो म्हणाला. “मस्त चालतंय.”

“गॅरंटी?”

“मोटारीला गॅरंटी नसते, काकी. आज चालते, उद्या नाय.”

हे उत्तर पालघरजवळच्या माहीममधल्या प्रत्येक वाडीवाल्याला पाठ होतं. रामनाथ नुसत्या आवाजावरून मोटारीचं दुखणं सांगायचा, पण गॅरंटी त्याने आजवर कुणालाच दिली नव्हती.

विहिरीच्या कठड्यावर बसलेली कीर्ती खुदकन हसली. रामनाथची ही सोळा वर्षांची लेक. गळ्याशी ओढणी गुंडाळलेली, कारण तिच्याआड डायलिसिसची नळी होती. दोन्ही किडन्यांनी काम थांबवल्यापासून आठवड्यातून तीनदा पालघरची वारी ठरलेली. नळी कायमची ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या कोपरापाशी दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. तिथून रक्त इतक्या जोरात धावायचं, की हात ठेवला तर बारीक घरघर लागायची. कीर्तीने तिचं नाव मोटार ठेवलं होतं. आळीतल्या पोरांचं कान लावून ऐकून झालं होतं. ऐकायची फी एक जोक, आणि तो जुना निघाला तर दुसरा.

ती घरघर ऐकली नव्हती फक्त रामनाथने. पहिली जोडणी त्याच हाताच्या मनगटाशी केली होती. ती नवव्या दिवशी बंद पडली, तीही नेमकी त्याच्या बोटांखाली. त्या सकाळपासून त्याने तिच्या त्या हाताला हात लावला नव्हता.

उद्या नव्या जोडणीत पहिल्यांदा डायलिसिसची सुई जाणार होती. सगळं नीट झालं तर थोड्या दिवसांनी गळ्यातली नळी निघणार. मग कीर्ती डोक्यावरून धो धो पाणी घेणार होती. चार महिने, नळी भिजू नये म्हणून, ती खुर्चीत मान मागे टाकून, आईकडून मगाने केस धुऊन घेत होती आणि त्याचा तिला अगदी वीट आला होता.

“पप्पा, ही पन बघ ना,” तिने हात पुढे केला.

“उद्या डॉक्टर बघतील.”

“डॉक्टरला मोटारीतलं काय कळतं?”

शैलाकाकी मोठ्याने हसल्या. रामनाथ खाली वाकून पाना शोधू लागला. पाना त्याच्याच हातात होता. त्याला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. या हाताखाली पुन्हा सगळं शांत लागलं तर?

कीर्तीला ते कळलं. ती कठड्यावरून उतरून त्याच्या समोर बसली.

“तुज्यामुळं नाय बंद पडली ती, पप्पा. आनि ही पडली, तर उजवा हात अजून कोरा हाय. आपलं काय अडलंय?”

रामनाथ हातातला पाना उलटसुलट करत राहिला.

“काकी, तुमची मोटार बंद करा जरा. मेकॅनिकला ऐकू येत नाय.”

काकींनी बटण दाबलं. पाटातलं पाणी धावता धावता मंदावलं. रामनाथने हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. मग सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला.

“अरे पप्पा! ते नको!” कीर्ती हसत सुटली. “कान लाव नुसता!”

तोही हसला, बऱ्याच दिवसांनी. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून तो झुकला आणि त्याने तिच्या कोपराला हलकेच कान लावला. डोळे मिटले. शैलाकाकी त्या दिवशी दुसऱ्यांदा गप्प झाल्या.



“बेअरिंग?” कीर्तीने हळूच विचारलं.

“नवं हाय, बाय,” तो म्हणाला. “पानी जोरात खेचते.”

“गॅरंटी?”

रामनाथने कान उचलला नाही.

“दिली.”

“आन माज्या मोटारीची?” शैलाकाकी लगेच पुढे सरसावल्या.

“मोटारीला गॅरंटी नसते, काकी,” तो तसाच, लेकीच्या हाताला कान लावून म्हणाला. “जरा गप बसा, ऐकू द्या.”