मॉनिकानं दिलेली माफी

म्हशींना पाणी पाजून जॉनी गोठ्याबाहेर आला, तेव्हा फाटकाशी दोघीजणी उभ्या होत्या. मोठीला त्यानं लगेच ओळखलं. ती मार्सेलिना, त्याच्या थोरल्या भावाची बायको. बारा वर्षांत तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बरोबरची उंच मुलगी म्हणजे मॉनिका असणार.

 हा दिवस कधीतरी उगवणार हे जॉनी धरून होता. त्या दिवशी काय बोलायचं, तेही त्यानं केव्हाच पक्कं केलं होतं.

चकाल्याच्या गावठाणात दोघा भावांची मिळून भाजीची वाडी होती. वाडीतल्या विहिरीला कठडा नव्हता. वर फळ्या टाकलेल्या असत आणि माणसं त्यांच्यावरूनच ये-जा करत. एका तिन्हीसांजेला थोरला भाऊ बॅप्टिस्ट घाईनं तिथून निघाला आणि सरळ आत गेला. फळ्या बाजूला होत्या. गाव जमलं, तेव्हा पाणी शेंदून फळ्या टाकायला आपणच विसरलो, असं जॉनीनं सगळ्यांसमोर सांगितलं.

वाडीच्या वाटणीवरून त्या वर्षी दोघा भावांत धुसफूस होती. गावानं त्यातून काय तो अर्थ काढला. पोलीस चौकशी करून गेले, त्यांनी अपघात लिहिला. गावानं तसं लिहिलं नाही. देवळात जॉनीच्या बाकावर कुणी बसेना. त्याची बायको ऑलिव्ह गावच्या विहिरीवर गेली की बाकीच्या बायका घागरी उचलून चालू लागत. दोन वर्षं त्यानं ते सोसलं. मग आरे कॉलनी उभी राहिली, तसा हक्काच्या वाटणीवर पाणी सोडून तो इथं गोठ्याच्या कामाला आला. दर उपासकाळात तो फादरांपुढे पापांची कबुली देई. या गोष्टीचा उच्चार मात्र त्यानं तिथं कधी केला नाही.

त्यानं दोघींना खोलीत बोलावलं. मार्सेलिना उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पोरीनं हट्ट धरला म्हणून आले."

जॉनीनं मान हलवली. ऑलिव्हनं पुढं केलेला दुधाचा पेला मॉनिकानं दोन्ही हातांनी घेतला. इस्टरनंतर आपण सिस्टर व्हायला मठात जाणार, असं तिनं सांगितलं. मनात अढी ठेवून देवाच्या दारात जायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. आई चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती, तरी ती हटली नाही.

"तुला त्या दिवसाचं काय काय आठवतं?" जॉनीनं विचारलं. पेला पुसायला घेतलेल्या ऑलिव्हचा हात थांबला.

मॉनिकानं आठवून पाहिलं. "तुम्ही मला कडेवर घेऊन घरी आणलंत. तुम्ही रडत होता. बाकी काही नाही."

जॉनीनं रोखलेला श्वास सोडला.

"काका, क्रूसावर खिळे ठोकणाऱ्यांनाही त्यानं माफ केलं," मॉनिका म्हणाली. "तुम्ही तर मुद्दाम काही केलं नाहीत. पापा गेले त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं. आता हे ओझं वागवू नका."

जॉनीनं मान खाली घातली. डोळे भरून आले होते, पण आवाज त्यानं हलू दिला नाही.

"मोठं मन आहे तुझं," तो म्हणाला. "देव तुझं भलं करो."

तो गुडघ्यांवर बसला. मॉनिकानं त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. तिचा चेहरा हलका झाला होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. बाहेर मार्सेलिनानं पदर सावरला आणि पाठ फिरवली. जॉनी त्यांना बसपर्यंत सोडायला गेला.  बस झाडांआड जाईपर्यंत मॉनिका मागं वळून हात हलवत होती.

तो परतला तेव्हा ऑलिव्ह दारातच बसली होती. बारा वर्षं तिनं तोंड मिटून काढली होती. आज तिला राहवलं नाही.

"आज तरी बोलायचं होतंस," ती म्हणाली. "माफी देऊन गेली ती तुला. वहिनीनं पाठ फिरवली. मी अजून किती गिळायचं?"

"तू गिळलंस, म्हणून ती आज ताठ मानेनं मठात चाललीय." जॉनी तिच्याशेजारी टेकला. "पाच वर्षांची पोर होती गं. विहिरीतला बेडूक बघायचा म्हणून तिनं त्या फळ्या ओढल्या होत्या."