काचपेटीची कडी

उंदराच्या पिल्लाला सरड्याची कात चोळल्याशिवाय नवऱ्यानं पाळलेली लांबनाकी जातीची सापीण तोंड लावत नसे. तो बाहेरगावी होता, म्हणून आज ते काम शर्वाणीनं चिमट्यानं, नाक मुरडत उरकलं. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ रडलं आणि काचपेटीची कडी लावायची राहून गेली.

बाळाला जमिनीवर खेळायला सोडून ती दूध गरम करून आली, तर बाळ खिदळत होतं. मुठीत सापीण वळवळत होती आणि बाळाच्या कोपरापर्यंत रक्त ओघळलं होतं.

शर्वाणी धावली. मूठ सोडवताच सापीण कपाटाखाली पळाली. तिनं तो इवला हात नळाखाली धरला, बोट न् बोट तपासलं. दाताची खूण कुठेच सापडेना. शेवटी तिनं फोन लावला.

"अगं, बिनविषारी आहे, तुझ्याहून गरीब," नवरा म्हणाला. "फार घाबरली की स्वतःचंच रक्त सोडते. जपून उचल हं, पोटात अंडी आहेत तिच्या."

कपाटाखाली सापीण वेटोळ्यात डोकं खुपसून बसली होती. ॲरिझोनात आल्यापासून शर्वाणीनं तिला कधी बोटही लावलं नव्हतं. बाळाला कडेवर घट्ट धरून ती वाकली.

"ये गं बये," तिनं हात पुढे केला, "माझेही हात अजून कापताहेत."