वाकडे पापड

"हा कुणी लाटला?"

अनंतरावांनी पापड उन्हासमोर धरला होता. एका काठाला जाड, मधे पातळ, आणि आकार म्हणाल तर धड गोल नाही, धड लांबट नाही. तानुबाईने तो लगेच ओळखला. पापड तिचाच होता.

गच्चीवर दोघंच होते. आठ बायकांची आठ जुनी लुगडी उन्हात अंथरलेली, त्यांवर उडदाचे पापड वाळत घातलेले. कुणाचं लुगडं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येकीने कोपऱ्याला आपल्या रंगाचा दोरा बांधला होता. हा एक पापड मात्र वाऱ्याने सरकून दोन लुगड्यांच्या मधे पडला होता.

"राजेश्रीचा आसंल, मालक." तानुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"हं," म्हणून अनंतराव पापड हातात घेऊनच खाली उतरले.

खाली भिंतीवर नव्या दराचा कागद चिकटवून दोनच दिवस झाले होते. सरकारने किमान वेतन वाढवलं होतं. खरं तर बायकांनी पेढे वाटायचे, पण सोनपेठच्या त्या छोट्या पापड उद्योगात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अनंतराव कधीकाळी शाळेत कारकून होते, त्यामुळे नियम म्हणजे नियम. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "कायद्यानं पुरा रोज देणार, त्यात काटछाट न्हाई. पण आठ जणींना द्यायची माझी ऐपत न्हाई. हप्ताभर एकेकीचा माल बघतो आन् शनिवारी सांगतो, कोण राहील ते."

त्याच दिवशी कोपऱ्यात ताडपत्री घातलेलं एक भलंमोठं सामान येऊन पडलं होतं. पॅकिंगचं काहीबाही असेल, असं म्हणून बायकांनी त्यावर आपल्या जेवणाच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

तानुबाईला बासष्टावं लागलेलं. दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच सांधलं. तेव्हापासून लाटणं एका अंगाला जास्त दाबलं जायचं. काम सुटलं तर काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पिंगळी गावी राहणाऱ्या लेकाने, हरिओमने, केव्हाच बजावून ठेवलं होतं, "काम सुटलं की गपगुमान इकडं यायचं." तिथे सून ताटात भाकरी वाढायची ती मोजून. चार दिवस पाहुणी म्हणून गेली होती तरी तानुबाई अर्धपोटी परतली होती. आता तर जन्मभरासाठी जावं लागणार होतं.

खोटं एकदा बोललं की ते निभवावं लागतं. दुपारी पापड पालटायचं काम तानुबाईचंच. मनगट दुखतं म्हणून मालकीणबाईंनी, विमलाताईंनी, तिला ते हलकं काम दिलं होतं. बाकीच्या जेवायला बसल्या की गच्चीवर ही एकटी. दुसऱ्या दिवसापासून तिने आपले वाकडे पापड राजेश्रीच्या तांबड्या दोऱ्याच्या लुगड्यावर टाकले आणि राजेश्रीचे, वाटीने कापल्यासारखे गोल, आपल्या हिरव्या दोऱ्याच्या लुगड्यावर मांडले.

अनंतराव रोज संध्याकाळी वर येत. चोराच्या मनात चांदणं, तशी तानुबाई त्यांच्या पावलांचा आवाज ऐकूनच मान खाली घालायची.

"एकदम सारखे," हिरव्या दोऱ्याजवळ ते म्हणत आणि पुढे सरकत. तांबड्या दोऱ्याजवळ मात्र बराच वेळ उकिडवे बसत. एकदा तर त्यांनी त्यातले चार पापड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकले. पोरीविरुद्ध पुरावा जमवतायत, हे तानुबाईने ओळखलं.

गुरुवारी राजेश्री तिच्याशेजारी येऊन बसली. तिशीही न ओलांडलेली, तानुबाईला रोज रिक्षात चढताना हात देणारी पोर.

"मावशी, माझ्या हाताला काय झालंय गं? लाटताना गोल आसतेत, वाळले की वाकडे दिसायलेत. मालक माझ्याच पापडाकडं बघायलेत. लय भ्या वाटायलंय."

"उनानं होतंय तसं," तानुबाई म्हणाली. आपण या पोरीचा गळा कापतोय, असं तिला वाटत राहिलं.

शुक्रवारी तिने मन घट्ट केलं. सगळं कबूल करून टाकू, होईल ते होईल. ती अनंतरावांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. आत ते फोनवर बोलत होते, "हो, तेच वाकडे. कुणाचे हायेत ते मला कळलंय. उद्या निकाल लावून टाकतो."

तानुबाईचं सगळं धैर्य उंबऱ्यातच गळालं. ती आल्या पावली परतली आणि गच्चीवर जाऊन त्याही दिवशी पापड बदलून आली.

शनिवारी सकाळी आठही जणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. विमलाताई पदर तोंडाला लावून दारात थांबल्या होत्या. राजेश्री रडायच्या बेतात. तानुबाईला तिच्याकडे मान वळवून बघवेना.

अनंतरावांनी पिशव्या बाजूला ठेवल्या आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली मशीन होतं, नवं कोरं, चकचकीत.

"सोमवारपासून गोल पापड हे करंल," ते म्हणाले. "पुण्याचा व्यापारी म्हणतोय, गोल पापड गल्लोगल्ली मिळतोय. माणसाच्या हातचा हाय हे बघताक्षणी कळावं, त्यालाच दुप्पट भाव. मी नमुना धाडला होता, त्याला लय पसंत पडला." त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि एका काठाला जाड, मधे पातळ असा पापड सगळ्यांसमोर धरला. "आसा पापड एकीच्याच हातचा. नव्या दरानं मला तेवढी एकच परवडते. राजेश्री."

राजेश्रीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीच होती. तिने तानुबाईचं मोडकं मनगट हळूच धरलं आणि कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आता सोमवारी म्या आसा वाकडा लाटू कसा?"