तिसरी घरघंटी

शालनमावशीच्या घरात तिसरी घरघंटी पाहून वृषाली दारातच थबकली. एक स्वयंपाकघरात होती, एकीवर टीव्ही ठेवलेला आणि ही नवी अजून खोक्यातच.

"अगं, एकट्या बाईला तीन गिरण्या कशाला?"

"तूच म्हणालीस ना, घे म्हणून!"

वृषालीने खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचलं. त्या कंपनीचा जाहिरातीचा पॉडकास्ट तीच बनवायची, आणि त्यातली करामतही तिचीच. रोजचा भाग सगळ्यांना एकच, पण ज्याच्या त्याच्या फोनवर तो त्याच्या सर्वांत विश्वासाच्या माणसाच्या आवाजात, त्या माणसाच्या हाकेसकट वाजायचा. आपल्याला वाढवणाऱ्या बाईच्या फोनवर तो कुणाच्या आवाजात वाजेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मावशे, ती मी नव्हते गं. यंत्र आहे ते. आण फोन, बंद करून टाकते."

"मला काय कळत नाही होय?" मावशी पदराला हात पुसत हसली. "तू बोलतेस तेव्हा दर दोन वाक्यांना तुझी मीटिंग असते. ही रोज सकाळी निवांत बोलते, विचारपूस करते. मग तिचा एवढा शब्द मोडवेना."

"मी करत जाईन फोन."

"रोज?"

वृषालीला खोटं बोलवेना. तेवढ्यात फडताळावरच्या फोनमधून तिचाच आवाज आला, तिने स्वतः कधी लावला नव्हता इतक्या मायेचा. "मावशे, बस जरा. दमली असशील."

मावशीने वृषालीला हातानेच गप्प केलं आणि पाट ओढून ती फोनपाशी बसली.