टाचेत राहिलेला आवाज

जवळ सरका मायबाप, एक नवल सांगते.

पुंडलिकनगरच्या शिबिरात तनुजा हाडांची तपासणी करत होती. टाचेतून कानाला ऐकू न येणारा आवाज पाठवायचा आणि हाड किती पोकळ झालंय ते मोजायचं. तपासणीला आलेल्या म्हाताऱ्या केसरबाईंना एकच धास्ती होती: हाड ठिसूळ निघालं, तर पोरं कीर्तनात उभं राहू देणार नाहीत.

आवाज आत जायचा, पण पलीकडं निघायचाच नाही. पडदा कोरा.

"आजी, किती हलता! लई वैताग आणला बघा."

"अगं, मी हलतेय कुठं?"

चार-पाचदा तेच झालं. शेवटी तनुजानं चिडून यंत्रात स्वतःचीच टाच ठेवली. बटण दाबायच्या आधीच अडकलेले सगळे आवाज पडद्यावर उमटले.

केसरबाई गप्प बसल्या होत्या. तनुजाच्या टाचेतून मात्र त्यांच्याच आवाजात स्पष्ट ऐकू आलं, "अगं, मी हलतेय कुठं?"

आज कीर्तनात हात जोडाल, तेव्हा दुसऱ्याला बोल लावणाऱ्या तनुजाला आठवा.