पाळीची चिठ्ठी

वेलजीशेटचं सामान आधी रस्त्यावर फेकायचं की दुकान आधी फोडायचं, एवढाच वाद आता उरला होता.

परळच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तीस-बत्तीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. दिवस मावळायच्या आत काय ते उरकायचं, असं ठरलं होतं. तळमजल्यावर दुकानामागच्या खोलीत कच्छी वाणी वेलजी, त्याची बायको, सून आणि तान्हा नातू दार लावून बसले होते.

धोंडू कठड्याला टेकून उभा होता. त्याचा पुतण्या शिवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पोलिसांच्या गोळीनं गेला, त्याला आज दहा दिवस झाले. एकोणीस वर्षांचं पोर. वेलजीनं काय केलं होतं? काही नाही. पण मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणणारे बडे शेठ लांब बंगल्यांत राहत, आणि हा बापडा हाताशी होता. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

"बोल, धोंडू," कुशाबा म्हणाला. कुशाबा मिलमधला जॉबर, कामगारांवरचा मुकादम; चाळीत त्याचा शब्द चाले. "तू बोलशील तसं."

धोंडूनं कठड्यावर मूठ आपटली.

तेवढ्यात भिवामास्तर जिना चढून आला. समोरच्या चाळीतला हा माणूस वाचनालय चालवी. रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवी, अंगठेबहाद्दरांना अक्षरं शिकवी. त्याच्या आज्याला गावानं वाळीत टाकून विहिरीचं पाणी तोडलं होतं, ते तो कधीमधी सांगे, पण रडगाणं म्हणून नव्हे. धोंडू चार महिने त्याच्यापुढं पाटी घेऊन बसला आणि स्वतःच्या नावापलीकडं गेला नाही. मिलमध्ये साच्यावर कापड विणताना चालणारा हात पाटीवर चालेना.

"मास्तर, उपदेश नको," कुशाबानं आधीच बजावलं.

"नाही करत. काम कोण करणार, तेवढं विचारायला आलो."

"सगळे मिळून."

"तिथंच घोळ होतो," भिवामास्तर शांतपणे म्हणाला. "मी पुस्तकांत वाचलंय. गावंच्या गावं कापली गेली, आणि मागनं कापणारा शोधायला गेलं तर एकही सापडला नाही. जो तो म्हणतो, मी नव्हतो, जमाव होता. तुम्ही अशी माणसं नाही. जे कराल ते नावानिशी करा. चिठ्ठी टाका. ज्याचं नाव निघेल तो एकटा जाईल, आपल्या हातानं सामान बाहेर काढील. बाकीचे इथनं बघतील."

यावर कुणाला नाही म्हणता येईना. मोरी धुण्यापासून मयताचं सामान आणण्यापर्यंत चाळीतलं प्रत्येक नकोसं काम चिठ्ठीनंच ठरे. चिठ्ठीपुढं कुणाची मिजास चालत नसे.

धोंडूच्या घरातून पितळेची लोटी आली. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मास्तरानंच लिहायला घेतल्या. मान खाली घालून, कुणाला काही न विचारता तो लिहीत सुटला. कुशाबाची बिडी संपेस्तोवर लोटी भरली होती.

"हवी ती नावं घातलीस ना, मास्तर? मागनं तक्रार नको."

"हवं तेच घातलंय."

चाळीतली सगळ्यांत म्हातारी रखमाआजी. तिनं तोंड फिरवून लोटीत हात घातला. कुशाबानं चिठ्ठी उलगडली आणि त्याचा आवाज उतरला.

"धोंडू."

धोंडूनं चिठ्ठी हातात घेऊन बघितली. होय, त्याचंच नाव. कोपऱ्यातली पहार उचलून तो जिना उतरला. मागं कुणाचं पाऊल वाजलं नाही. एवढ्या पायऱ्या या जिन्याला आहेत, हे त्याला आजच कळलं.

दार वेलजीनंच उघडलं. गाठोडी बांधून तयार होती.

"एकटाच आलास?"

"एकटाच."

"मग बस, धोंडूभाई. बाळ आत्ताच झोपलंय. उठलं की निघतो आम्ही."

तुळईला बाळाची रिकामी झोळी टांगली होती, बाळ सुनेच्या मांडीवर होतं. आधी तीच सोडावी म्हणून धोंडूनं वर हात घातला, आणि बोटं गाठीवर थबकली. ती होडीची गाठ होती, मालवणकडं खुंट्याला मारतात ती. या चाळीत ती दोघांनाच येई. धोंडूला, आणि त्यानंच शिकवलेल्या शिवाला.

"त्यानंच बांधून दिली," वेलजी हळूच म्हणाला. "म्हणाला, बाळ दोन वर्षांचं होईस्तोवर सुटायची नाही."

धोंडूला हुंदका आवरेना. दहा दिवसांत तो पहिल्यांदा रडला, तेही वेलजीच्या उंबऱ्याच्या आत.

वर आल्यावर त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"माका जमाचा नाय."

भिवामास्तरानं लोटी बगलेत धरली. "आता चिठ्ठी नको. धोंडूच्या जागी आपणहून कोण जातो? त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. शेवटी कुशाबा म्हणाला, "शिवाचा काका नाही म्हणतो. मग आम्ही कोण टिकोजीराव?" आणि आपल्या खोलीकडं वळला. त्याच्यामागं एकेक करत गॅलरी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलजीचं दुकान रोजच्यासारखं उघडलं.

पण ती सकाळ व्हायच्या आधी, दिवेलागणीला, मास्तर लोटी परत द्यायला धोंडूच्या दारात आला.

"चिठ्ठ्या चुलीत टाक," एवढंच म्हणून तो निघाला.

त्याच्या बायकोला, सुंदराबाईला, पाणी भरायचं होतं, म्हणून धोंडूनं लोटी ओट्यावर उपडी केली. आणखी कुणाकुणाची नावं होती, ते आपल्याला थोडंच कळणार, म्हणत त्यानं सहज एक चिठ्ठी उलगडली. मग दुसरी. मग तो खालीच बसला आणि सगळ्या उलगडू लागला.

चार महिन्यांत मास्तरानं शिकवलेला एकच शब्द त्याला वाचता येत होता, आणि लोटीतली एकूण एक चिठ्ठी त्यानं घडाघडा वाचून काढली.