सरचिटणीस सृष्टी

उस्मानपुऱ्यातल्या शाळेत संयुक्त राष्ट्र दिन होता. मुकुंद सरांनी आठवडाभर घसा कोरडा करून पोरांकडून जागतिक शांततेची भाषणं पाठ करून घेतली होती. सरचिटणीस केलं होतं चौथीतल्या सृष्टीला. टाळ्या लई पडल्या. सर पाहुण्यांना चहा देत होते, तेवढ्यात मैदानावरून रडणं ऐकू आलं. धावत जाऊन बघतात तर झेंडे खोचलेल्या दोन थोरल्या पोरांनी पहिलीतल्या बिरूला बुकलून त्याचा डबा फस्त केलेला, आणि सृष्टी शेजारीच उभी.

"अगं, सरचिटणीस ना तू? मग नुसती बघत काय राहिलीस?"



"नुसती नाय सर, तुम्ही शिकवलं तसंच केलं. दोनदा तीव्र चिंता व्यक्त केली."